सोनावणे सरांचं बिनमातीचं शेत

सोनावणे सर शाळेत पहिल्या दिवशी आले ते स्वतःचा कप घेऊन. निळ्या कडेचा, एका जागी टवका उडालेला इनॅमलचा कप. मधल्या सुट्टीत शिपाई किटली घेऊन आला आणि नव्या मास्तरांसमोर क्षणभर घुटमळला. टेबलावर कप होते, पण त्यातला कुठला ह्यांना द्यायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी पिशवीतून आपला कप काढून पुढे धरला. "माझा आहे," एवढंच म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो स्वतः विसळला आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवला.

हेडमास्तरांना हायसं वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला वाटली ती फार उशिरा.

वेल्ह्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला हे गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. सत्तर साल असावं. मी भोरचा, बायको-मुलगी तिकडेच; मराठी शिकवायचो आणि सरपंचांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन राहायचो. एसटी दिवसातून दोनदा यायची, पावसाळ्यात कधी एकदा, कधी तीही नाही. सोनावणे सर विज्ञानाला आले. राहायची सोय गावात होईना, म्हणून ते बौद्धवाडीत टोकाच्या दोन खोल्यांत उतरले. बरोबर फक्त आई. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. हे त्यांनी मला दीड वर्षानं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

अंगानं उंच, पण खांद्यातून वाकलेले. सदऱ्याच्या वरच्या खिशात पेनाशेजारी लाकडी घडीची फुटपट्टी. "अंदाज नको, मोजा," हे त्यांचं पालुपद. वर्गात कुणी म्हणालं, की शाळेपुढचा लिंब लई उंच हाय, की सगळा वर्ग उन्हात उभा. आधी फुटपट्टीची सावली मोजायची, मग झाडाची, मग गणित. एकदा मी सहज म्हणालो, "माझ्या खोलीत दुपारी भट्टी होते." संध्याकाळी हे थर्मामीटर घेऊन हजर. उद्या दुपारी तीन वाजता बघा, म्हणाले. मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा विचारला तेव्हा मी खोटाच सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

एका रविवारी मी त्यांना नदीच्या पात्रात पाहिलं. धोतर गुडघ्याच्या वर, समोर चाळण आणि वाटाण्याएवढ्या खड्यांचा ढीग. एकेक मूठ खडे ते पत्र्याच्या तुकड्यावर पसरत आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीतून त्यांवर ॲसिडचे थेंब टाकत. एखादा खडा फसफसला की उचलून लांब फेकत. काठावर म्हशी धुणारे दोघंतिघं थांबून बघत होते. गावात त्या संध्याकाळपर्यंत बातमी झाली होती, की मास्तर नदीत सोनं शोधतो.

"फसफसतो तो चुनखडीचा," मला म्हणाले. "तो पाण्यात विरघळतो, औषध बिघडवतो. मला निव्वळ दगड हवा. ज्यातून झाडाला काही मिळणार नाही असा."

"मग झाडाला मिळणार कुठून?"

"पाण्यातून."

पुण्याच्या फुटपाथवर त्यांना एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. मातीशिवाय भाजीपाला. पहिली चार पानं गहाळ, पण एक चित्र शाबूत होतं: एक उथळ पेटी, तिच्यात खडे, पेटीच्या तळाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बादली. बादली वर टांगली की पाणी नळीतून पेटीत शिरतं आणि खड्यांमधून वर चढतं. बादली खाली घेतली की तेच पाणी पुन्हा बादलीत. विजेची गरज नाही, आणि वीज आमच्याकडे नव्हतीच. सर ह्याला भरती-ओहोटी म्हणायचे. "समुद्र मी पाहिलेला नाही," म्हणायचे, "पण दिवसातून तीनदा ओहोटी करणार."

हे सगळं आईसाठी होतं.

त्यांचं गाव पानशेतच्या अंगाला, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा लहान होता, पण नदीकाठचा, काळा. बदली जमीन मिळायची होती ती मिळाली नाही, आणि सर ह्यापेक्षा जास्त बोलत नसत. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की आई चालत जाऊन काठावर बसायची आणि आपला बांध उघडा पडतो का ते बघायची. एका वर्षी बांध दिसला. ती चिखलात उतरली आणि कमरेपर्यंत रुतली. लोकांनी दोर टाकून काढलं. त्यानंतर सरांनी तिला आपल्याजवळ आणलं. इथं ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची. हातांना काम नाही म्हणून एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं दाबत राहायची. वाडीत घराभोवती वाफा करावा एवढीसुद्धा माती नव्हती, सगळा खडक.

"तिला एक शेत द्यायचंय," सर म्हणाले. हे त्यांनी मोजलेला आकडा सांगावा तशाच आवाजात सांगितलं.

पहिली पेटी केली ती खोक्यांच्या फळ्यांची. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, वीतभर खोल. आतून डांबर. बादलीऐवजी रॉकेलचा रिकामा डबा. भोरच्या पत्रेवाल्याकडून त्याच्या तळाला नळीचं तोंड डाख देऊन बसवून घेतलं, आणि डब्यालाही आतून डांबर. डबा अंगणातल्या आडव्या वाशाला कप्पीवरून दोरानं टांगलेला. दोर ओढला की डबा वर, सोडला की खाली. खताचं पाणी म्हणजे निरनिराळ्या दुकानांची यात्रा होती. सोरा शोभेची दारू करणाऱ्याकडून. सुपरफॉस्फेट सोसायटीतून. जुलाबाचं मीठ दवाखान्यातून. लोहासाठी हिराकस वाण्याकडे. आणि कॅरमवर टाकायची बोरिक पावडर, तीही चिमटीच्या टोकावर मावेल एवढीच. सगळं प्रयोगशाळेच्या तराजूत तोललेलं.

म्हातारी भिंतीला टेकून हे बघायची. एकदा मी तिथं असताना म्हणाली, "माती न्हाई, आन् शेत म्हणं. मास्तर, तुमी तरी समजवा ह्येला."

टोमॅटोची रोपं लावली. आठ दिवस बरी होती. मग खालची पानं पिवळी पडली, मग वरची, आणि एके दिवशी सगळी मान टाकून बसली. सरांनी वही काढली. हिराकस वाढवून पाहिलं, सोरा कमी केला. दुसरी रोपं लावली, तीही गेली. तिसऱ्या खेपेला आई उठली. पेटीपाशी बसून तिनं खड्यांत तळापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

"ह्येला वास मारतुया," ती म्हणाली. "पानी उतरंना. खाली तुंबलंय. मूळ गुदमारलं त्येचं. झाडाला पानी पायजे तसा वारा बी लागतो, का न्हाई?"

सरांनी खडे उपसून पाहिले. नळीचं तोंड वाळूनं चोंदलं होतं. त्यांनी चहाच्या गाळणीची जाळी काढून तिथं बसवली, पेटीला त्या बाजूला बोटभर उतार दिला. वहीत त्या दिवशीच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'निदान: आई.' ते पान त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, तेव्हा पाहिलं.

त्या दिवसापासून दोर म्हातारीच्या हातात गेला. सकाळी, दुपारी, दिवस कलताना. ती दोर ओढायची, खुंटीला गुंडाळायची, आणि खड्यांवर कान ठेवून पाणी चढताना ऐकायची. पाणी चढत वरच्या खड्यांच्या बोटभर खाली पोचलं, की डबा सोडायचा; वरचे खडे कोरडे ठेवायचे, नाहीतर शेवाळ धरतं. तिला घड्याळ लागलं नाही. टोमॅटो लागले, ते लाल झाले, आणि पहिला तोडा तिनं सगळ्या वाडीत एकेक करून वाटला. माझ्याही हातावर ठेवला. "खा. माती न्हाई लागलेली, धुवायचं काम न्हाई." मी तिथंच खाल्ला. पुढची दोन वर्षं मी आठवड्यातून तीनदा तरी तिकडे जायचो. पेट्या एकाच्या चार झाल्या. टोमॅटो, मिरची, एका पेटीत कोथिंबीर. मोजपात्र घेऊन किती पाणी वर गेलं आणि किती परत आलं, हे मी स्वतः दोनदा मोजलेलं आहे. सरांनी माझ्या हातानं मोजायला लावलं होतं आणि वहीत माझी सही घेतली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे पाऊस अगदी पाठ फिरवत नाही, पण त्या वर्षी तो लवकर निघून गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या. पहिली आटली ती वाडीची. मग वाडीच्या बायका गावच्या विहिरीवर येऊन उभ्या राहू लागल्या. पोहरा त्यांनी टाकायचा नाही. बाजूला हंडा ठेवून थांबायचं, कुणीतरी ओतेल तेव्हा घ्यायचं. सत्तर साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट आहे. मी ती रोज माझ्या खोलीच्या खिडकीतून बघत होतो.

गावातली परसबाग वाळली. वांगी वाळली, वेल वाळले. आणि वाडीच्या टोकाला चार पेट्यांत हिरवंगार. ज्यांनी कधी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनीही आता तिकडून चक्कर मारली. आपण ओतलेलं पाणी मास्तर दगडांत घालतो, असं बोललं जाऊ लागलं.

एका सकाळी सरपंच, गावातले पाचसहा जण आणि हेडमास्तर सरांच्या अंगणात आले. मला सरपंचांनी बरोबर घेतलं होतं.

सरांना राग आला नाही. उलट त्यांना वाटलं, की आता दाखवता येईल. त्यांनी डबा खुणेपर्यंत भरला, आईनं दोर ओढून तो वर चढवला, पाणी खड्यांत शिरलं. मग डबा खाली घेतला. नळीतून पाणी परत येण्याचा आवाज आला. खुणेपर्यंत पुन्हा भरायला जेवढं लागलं, तेवढं त्यांनी मोजपात्रातून ओतलं आणि पात्र सगळ्यांपुढे धरलं. तांब्याभरही नव्हतं.

"चारी पेट्यांना मिळून दिवसाला एक कळशी," ते म्हणाले. "ती मी आणि आई आमच्या आंघोळीतून वाचवतो. प्यायच्या पाण्यातला थेंब ह्यात नाही. मातीत एवढी झाडं जगवायची तर ह्याच्या कितीतरी पट पाणी लागेल. तुमच्याही अंगणात करून देतो. खडे मी चाळून देईन."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमची वांगी वाळली, आन् ह्येंची टमाटी लाल."

सरपंच पेटीकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तुमचा हिशेब बरूबर हाय, मास्तर. पण पानी आमच्या हातचं हाय. आमी वततो ते प्यायला. त्येचं काय करायचं ते तुमी ठरवायचं न्हाई."

"मोजलेलं खोटं नाही," सर म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. "पोतनीस सर इथं नेहमी येतात. त्यांनी स्वतः मोजलंय. विचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनी पाहिलं, सरपंचांनी पाहिलं. म्हातारी कप्पीखाली उभी होती, दोर अजून हातात. मी म्हणालो, "मी मराठीचा माणूस. मला ह्यातलं काही कळत नाही."

दोघंतिघं हसले. वाईट हेतूनं नाही, सुटल्यासारखे. सरांनी मान हलवली, मोजपात्र रुमालानं पुसलं आणि घरात नेऊन ठेवलं.

बंदी अशी कुणी घातली नाही. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर म्हातारीचा हंडा शेवटी राहू लागला, एवढंच. तिची पाळी येईपर्यंत पोहऱ्यात गढूळ येऊ लागायचं.

चार दिवसांनी सर शाळेत मला म्हणाले, "पेट्या बंद करतोय." माझ्याकडे न बघता, वह्या तपासता तपासता. त्याच दिवशी संध्याकाळी मी वाडीवर गेलो. आत जायचं धाडस झालं नाही, कुडाबाहेर थांबलो. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आये, जाऊ दे. पाऊस पडल्याव पुन्यांदा लावू."

"एकदा पान्यात गेलं," म्हातारी म्हणाली. "आता उन्हात घालवू व्हय? म्या आनते पानी. तू तुजी साळा बघ."

नदीच्या पात्रात, गावापासून दीड-दोन मैल वर, एक झिरा होता. वाळूत खड्डा केला की तासाभरात कळशीभर पाणी साचायचं. सकाळी तिथं गावची गर्दी. म्हणून ती दुपारी जायची, शाळा भरलेली असताना, कुणी नसताना. सर घरी यायचे तेव्हा पेट्या ओल्या असायच्या. पाणी कुठलं, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणायची, वाडीतल्यांनी दिलं. त्यांनी ह्या एका गोष्टीची खातरजमा केली नाही. पुढे दवाखान्याच्या ओट्यावर हे त्यांनीच मला सांगितलं, दुसऱ्या कुणाची चूक सांगावी तसं.

सहाव्या की सातव्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या बाईला ती झिऱ्यापाशी दिसली. वाळूवर बसलेली, मान गुडघ्यांत, कळशी शेजारी. हाक मारली तर उत्तर नाही. बाजेवर घालून आणली, बैलगाडीतून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेली. अंग तव्यासारखं तापलेलं. मी गाडीबरोबर गेलो होतो. सर सगळी वाट तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, ओला रुमाल बदलत. रुमाल भिजवायला पाणी तिच्याच कळशीतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शुद्धीवर आली नाही.

तीन दिवसांनी सर शाळेत आले. नेहमीसारखं शिकवलं. गावानं त्यानंतर विहिरीवर वाडीच्या बायकांचा खोळंबा केला नाही. हंडे पटापट भरले जाऊ लागले. हे मी गावाच्या बाजूनं सांगतो आहे, कारण तेही खरं आहे.

पण सरांनी विहिरीचं पाणी घेतलं नाही. पहाट फुटली की ते झिऱ्यावर जायचे आणि शाळेच्या आधी कळशी घेऊन परतायचे. मी एकदा वाटेत गाठलं. "द्या, थोडं अंतर मी घेतो." ते थांबले नाहीत. त्यांनी मला नाही म्हटलं असंही नाही. चालत राहिले. कळशी खांद्यावर, दुसरा हात तिच्या काठाला, पाणी हिंदकळू नये म्हणून. मी थोडा वेळ मागून चाललो आणि मग माझ्या वाटेला लागलो.

असं त्यांनी तीन आठवडे केलं. झाडांवरचं शेवटचं फळ पिकेपर्यंत. मग एका सोमवारी ते शाळेत आले ते पाटी घेऊन. शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. टोमॅटो, एकसारखे, तांबडेलाल, पुसून काढलेले. "शेवटचा तोडा," म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

आम्ही सहाजण त्या टेबलाभोवती चहा प्यायलो. कुणी हात लावला नाही. पाटी तिथंच राहिली. चौथ्या दिवशी फळं सुटायला लागली, वास यायला लागला, तेव्हा हेडमास्तरांनी शिपायाला खूण केली. त्यानं पाटी उचलून मागच्या दगडी गडग्यापलीकडे रिकामी केली. त्या तासाला सर समोरच्याच वर्गात होते. दार उघडं होतं. फळ्यावर लिहिता लिहिता त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले.

पेट्या त्यांनी स्वतः मोडल्या. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा त्यांची बदली झालेली होती. मागून घेतली होती, असं कळलं. मला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर चारेक वर्षांनी कापूरहोळच्या फाट्यावर ते मला भेटले. मी भोरहून आलो होतो, पुण्याची गाडी बघत होतो. ते रस्त्याच्या पलीकडे, ट्रंकेवर बसलेले. केस पार पांढरे. मी रस्ता ओलांडून गेलो. त्यांनी ओळखलं, उठून उभे राहिले, चौकशी केली. साताऱ्याकडच्या एका शाळेत होते. माझ्या मुलीचं नाव त्यांच्या लक्षात होतं. पुन्हा लग्न केलंत का, असं मी विचारलं, तर नाही म्हणाले.

दोन ट्रक गेले. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी अंगणात मी बोलायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. एखाद्या मुलानं उशिरा का होईना, उत्तर बरोबर सांगितलं तर मास्तर बघतो, तसे बघत होते.

"हो," म्हणाले. "बोलायला हवं होतं."

मी थांबलो. अशा वेळी माणसं पुढं काहीतरी म्हणतात. जाऊ द्या म्हणतात, झालं ते झालं म्हणतात. मला ते ऐकायचं होतं, म्हणून मी थांबलो होतो. ते ट्रंकेचं कुलूप ओढून बघू लागले. साताऱ्याकडची एसटी आली. मी ट्रंकेच्या कडीला हात घातला, तोवर त्यांनी ती उचललीही होती. ते चढले, मागं जाऊन पलीकडच्या बाजूला बसले. मला फक्त त्यांचा खांदा दिसत होता.

गाडी किकवीच्या अंगाला गेली. मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. माझी पुण्याची गाडी समोर येऊन थांबली, माणसं चढली, कंडक्टरनं घंटी दिली आणि ती निघूनही गेली.